इंग्रजी आडनावाचं मूळ शोधायचंय? आधी डिक्शनरी बंद करा

भाचीच्या ऑफिसात कोणी वॉकर साहेब आलाय, तर परवा इंदूरच्या छप्पन दुकानावर पोहे खाताना ती विचारते, मामा, याचे पूर्वज काय नुसते चालतच होते का? हीच गडबड होते भिया, आजचा अर्थ लावला की फसलात.

आधी बघा आडनाव कशावरून पडलंय. गावावरून असेल, ब्रॅडफर्डसारखं, म्हणजे आपले होळकर जसे नीरेकाठच्या होळचे. बापाच्या नावावरून जॉन्सन, धंद्यावरून स्मिथ म्हणजे आपला लोहार, नाहीतर रूपावरून पडलेलं टोपणनाव.

वॉकर धंद्यातलं. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असायचं, ते हौदात घालून पायांनी तुडवायचे, मग मळ निघून कापड आटायचं, घट्ट व्हायचं, तो तुडवणारा तो वॉकर. आणि हौदात बरेचदा काय ओतायचे, तर शिळं मूत! (भाचीने प्लेट बाजूला सरकवली.) खरी मजा पुढेच आहे, हेच काम करणाऱ्याला उत्तर इंग्लंडात वॉकर म्हणायचे, दक्षिण-पूर्वेला फुलर आणि डेव्हन-कॉर्नवॉलकडे टकर, म्हणजे आडनाव ऐकूनच मुलूख कोणता त्याचा अंदाज येतो.

अंदाज ताडून बघायला १८८१ ची ब्रिटनची जनगणना घ्या, फॅमिलीसर्च नावाच्या वेबसाइटवर फुकटात खातं उघडून सापडते. काउंटीवार, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांवार, आकडे काढा, पण नुसते आकडे बघून लंडनचे म्हणून मोकळे होऊ नका, तिथे गर्दीच एवढी की सगळीच आडनावं जास्त दिसणार, दर हजारी किती ते काढा. त्याच्या मागे जायचं तर इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८३७ पासून, त्याआधी चर्चची रजिस्टरं, ती १५३८ पासून, अर्थात सगळी टिकलेली नाहीत. १९३१ ची जनगणना शोधण्यात वेळ घालवू नका, इंग्लंड-वेल्सचे ते कागद १९४२ मध्ये आगीत गेले. आपल्या महूच्या छावणीतल्या जुन्या इंग्रजी कबरीवरचं नाव असेल तर मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या तिकडच्या सरकारी खात्याचे, रेकॉर्ड बघायचे, इथल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या नकला तिकडे जायच्या.

आता आज कोण लावतं हे आडनाव? अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोची २०१० ची फाइल डाउनलोड करा, शंभर किंवा जास्त लोकांचं असलेलं प्रत्येक आडनाव त्यात आहे, एकूण १,६२,२५३, आणि पुढे वंशाची टक्केवारी. स्मिथ २४,४२,९७७, त्यात साधारण २३ टक्के कृष्णवर्णीय. वॉशिंग्टन, जे मुळात इंग्लंडातल्या गावाचं नाव, ते लावणारे तर ८७ टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीय, कारण गुलामगिरीतून सुटलेल्या कितीतरी लोकांनी इंग्रजी आडनावं घेतली, काहींना मालकाचंच चिकटलं. म्हणून आडनावाचं मूळ सापडलं म्हणजे माणसाचंही सापडलं असं धरू नका.

भाचीने दुसऱ्या दिवशी साहेबालाच विचारलं, तर तो निघाला जमैकाचा. मुताची गोष्ट तिने सांगितली नाही म्हणे.