आखूड थार की लांब रॉक्स? खडबडीत वाटांवर दूर फिरण्यासाठी गाडी निवडताना

टायर, सस्पेन्शन, सीट कव्हर, कॅरिअर हे सगळं नंतर बदलता येतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, मात्र गाडी भंगारात जाईपर्यंत तेवढाच राहतो. म्हणून एकाच गाडीच्या आखूड आणि लांब आवृत्तींतून निवड करायची तर रंग-फीचर्सच्या आधी टेप घेऊन बसावं.

महिंद्राची सध्याच्या पिढीची तीन दारांची थार २०२० मध्ये आली, पाच दारांची रॉक्स ऑगस्ट २०२४ मध्ये. थारचा व्हीलबेस २,४५० मिमी आणि लांबी ३,९८५ मिमी. रॉक्सचे हेच आकडे २,८५० आणि ४,४२८. फोर्सच्या गुरखातही जवळपास एवढाच फरक आहे: तीन दारांत २,४०० मिमी, पाच दारांत २,८२५. मारुतीची जिम्नी आपल्याकडे फक्त पाच दारांत मिळते. तिचा व्हीलबेस २,५९० मिमी आणि लांबी थारएवढीच ३,९८५. थोडक्यात, ‘लांब’ जिम्नी ही आखूड थारच्या पंक्तीतली गाडी आहे. दारं मोजून काही कळत नाही, मिलिमीटर बघा.

थार आणि रॉक्सचे कोन शेजारी ठेवले की गंमत दिसते. पुढचा अप्रोच अँगल दोन्हींचा ४१-४२ अंशांच्या आसपास, मागचा डिपार्चर अँगल दोन्हींचा साधारण ३६. पाण्यातून जाण्याची सांगितलेली खोली दोन्हींना ६५० मिमी. म्हणजे चढाला नाक लावताना किंवा ओढ्यातून बाहेर पडताना लांब गाडी मागे पडत नाही. फरक मधल्या कोनात आहे. ब्रेकओव्हर अँगल थारचा सुमारे २७ अंश, रॉक्सचा सुमारे २४. तीन अंश कागदावर किरकोळ वाटतात. भातखाचराचा बांध ओलांडताना ते कळतात: पुढची चाकं उतरली, मागची अजून चढायचीत आणि मधे गाडीचं पोट बांधावर टेकलं.

हा कोन स्वतः काढता येतो आणि काढावाच, कारण कंपनीचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. गाडी सपाट जागेवर उभी करा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मध्यावर पोटाखाली सर्वांत खाली आलेला भाग शोधा. बहुधा ट्रान्सफर केसखालची (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीखालची) पट्टी किंवा चेसिसची आडवी पट्टी असते. जमिनीपासून तिची उंची मोजा. या उंचीच्या दुपटीला व्हीलबेसने भागा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्याचा टॅन इन्व्हर्स (tan⁻¹) घ्या आणि उत्तराची दुप्पट करा. समजा पोट २८० मिमी उंच आहे. २,४५० च्या व्हीलबेसला कोन येतो २५.८ अंश, २,८५० ला २२.२. आता सामान आणि चार माणसं बसून स्प्रिंगा ३० मिमी दबल्या असं धरा: आखूड गाडी २३.१ वर येते, लांब गाडी १९.९ वर. सहलीला निघालेली लांब गाडी विशीच्या आत असते, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

‘मग लिफ्ट किट टाकू’, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच करू, हा पहिला उपाय सुचतो. वरच्याच उदाहरणात लांब गाडीला आखूड गाडीचा कोन हवा असेल तर पोट सुमारे ४६ मिमी वर न्यावं लागतं, म्हणजे जवळजवळ दोन इंच लिफ्ट. नुसते मोठे टायर लावून हे साधत नाही, कारण टायरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच उंची मिळते. ४६ मिमीसाठी ९२ मिमी जास्त व्यासाचा टायर लागेल आणि तो चाकाच्या खोबणीत घासेल. शिवाय गुरुत्वमध्य वर जातो, ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. कायद्याचा प्रश्न वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर हे किट बघणारच. त्यामुळे आखूड गाडीचं काम लिफ्ट लावलेल्या लांब गाडीकडून करून घेण्याचा बेत मुळातच सोडून द्यावा. त्यापेक्षा पोटाखाली जाड स्किड प्लेट, म्हणजे दगडांपासून पोट वाचवणारा पत्रा, आहे का ते पाहा आणि बांध तिरपा ओलांडायला शिका: एकेक चाक चढवायचं, फोर बाय फोरची लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) आणि पहिला गिअर, मागचं डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकत्र फिरतील. बांध उभाच असेल तर दोन्ही बाजूंना दगड रचून त्याचा उतार लांबवायचा. पोट टेकल्यावर रेस देऊन चाकं फिरवली तर गाडी आणखी खाली बसते. तिथेच थांबा, अॅक्सलखाली ३० सेंमी चौरस जाड फळी ठेवून जॅक लावा, चाक उचला आणि त्याखाली दगड भरा.

वळण हा दुसरा मुद्दा. स्टिअरिंग सारखंच वळत असेल तर वळसा व्हीलबेसच्या प्रमाणात वाढतो. थारहून रॉक्सचा व्हीलबेस १६ टक्के जास्त, गुरखाच्या जोडीत हाच फरक जवळपास १८ टक्के. सह्याद्रीतल्या घाटांच्या डांबरी वळणांवर याने काही अडत नाही. अडतं ते गडपायथ्याच्या गावातल्या गल्लीत आणि एका बाजूला दरी असलेल्या कच्च्या वाटेवर, जिथे मागे-पुढे करत गाडी वळवावी लागते. रॉक्समध्ये आतलं मागचं चाक ब्रेकने धरून गाडी तिथल्या तिथे फिरवायची सोय मिळते. ती मोकळ्या माती-वाळूवरच वापरायची, डांबरावर टायर आणि गिअरबॉक्स दोन्हीचे हाल होतात.

लांब व्हीलबेसचं पारडं जिथे जड आहे ते इथे फारसं बोललं जात नाही, कारण फोटो नेहमी खडकावर चाक उचललेल्या गाडीचे येतात. स्पितीच्या किंवा लडाखच्या पन्हळी पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या कच्च्या रस्त्यावर आखूड गाडी पुढे-मागे डुलत राहते; आठ तासांनी मागच्या सीटवरचा माणूस बोलायचा थांबतो. लांब गाडी हा हिसका पचवते. उभ्या चढावर आखूड गाडीचं वजन पटकन मागच्या चाकांवर सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. पावसाळ्यात कोकणातल्या लाल चिकट मातीच्या उतारावर आखूड गाडीचं शेपूट झटकन फिरतं, लांब गाडीत सावरायला अर्धा क्षण जास्त मिळतो. हायवेला ताशी १०० वर बाजूचं वारं लागतं तेव्हाही तसंच.

आता सामान, जिथे बहुतेकांचा निर्णय खरं तर होतो. दोघांच्या आठवडाभराच्या मुक्कामी सहलीचा हिशोब असा: पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो, तंबू आणि अंथरूण-पांघरूण २०, शेगडी-भांडी-शिधा २५, हवेचा कंप्रेसर-दोर-शॅकल (दोर अडकवायची कडी)-फावडं-औजारं ३०, कपड्यांच्या बॅगा २५, आणि डिझेलचा २० लिटरचा कॅन, डब्यासह सुमारे २१. एकूण १६०च्या आसपास, जागा साधारण ४०० लिटर. रॉक्सची डिकी कंपनीच्या मोजणीने ४४७ लिटर आहे, म्हणजे मागची सीट उभी असताना हे बसतं. थारमध्ये मागच्या सीटा पाडल्याशिवाय बसत नाही. म्हणून थार ही प्रवासाच्या दृष्टीने दोघांची गाडी आहे, सीट चार असल्या तरी. चार माणसांचे २८० किलो धरले तर सामानासह ४४० होतात. चेसिस प्लेटवरच्या एकूण वजनातून आरसीवरचं रिकामं वजन वजा करा आणि बाकी ४४० पेक्षा जास्त उरते का ते पाहा. ४४० वजा जाऊन शिल्लक ९० किलोच्या आत असेल तर कॅरिअर आणि छतावरचा तंबू यांचा विचार सोडा. त्या दोघांचंच वजन ८०-९० किलो भरतं, आणि तेही छपरावर, सर्वांत वाईट जागी.

आखूड गाडीत सामान मागच्या अॅक्सलच्या वर किंवा मागे साठतं. पाण्याचा कॅन आणि औजारांची पेटी पुढच्या सीटच्या पाठीला लावून, खाली, पट्ट्याने बांधा. हलक्या बॅगा मागे. नाहीतर चढावर नाक हलकं होण्याचा त्रास दुप्पट होतो.

डिझेलचं गणित लांब गाडीच्या बाजूने नाही. थार आणि रॉक्स दोन्हींची टाकी ५७ लिटरच. कच्च्या चढाच्या रस्त्यावर लिटरला ९ किमी धरले तर ५१० किमी होतात. मनाली-लेह वाटेवर टांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किमी’ ही पाटी प्रसिद्ध आहे. तेवढ्याला दोन्ही पुरतात, पण जड गाडीत हाताशी कमी उरतं. गुरखाची टाकी ६३.५ लिटर आहे.

विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) लावणार असाल तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमता घ्या. भरून २,५०० किलो होत असेल तर ३,७५० किलो लागतात आणि ९,००० पौंडाचं विंच पुरतं. लांब गाडी भरून ३,००० किलोवर गेली की ४,५०० लागतात, म्हणजे १०,००० पौंडाचं. हे वजन पुन्हा पुढच्या स्प्रिंगांवर येतं.

किमतीबद्दल एवढंच. चार मीटरच्या आत गाडी बसली की कर कमी, हा समज अर्धवट आहे. इंजिनही डिझेलला १,५०० सीसीच्या आत लागतं. थारचं १.५ लिटर डिझेल त्यात बसतं, पण ते फक्त मागच्या चाकांवर चालतं. रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे. या दोघींत पेट्रोल घ्यायचं आणि फोर बाय फोर हवं, तर निवड आपोआप आखूड थारवर येते.

टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातल्या ज्येष्ठ माणसाला आणि तुमच्या सगळ्यात मोठ्या पेटीला बरोबर न्या. तीन दारांच्या गाडीत मागे जायला पुढची सीट पाडून वर चढावं लागतं; गुडघे दुखणाऱ्याला ते एकदाच करायला सांगा, उत्तर मिळेल. पेटी डिकीच्या दारातून जाते का ते पाहा, आणि मागच्या दारावर स्टेपनी असल्याने ते आडवं उघडायला तुमच्या पार्किंगमध्ये मागे मीटरभर जागा उरते का तेही. आत झोपायचा बेत असेल तर पुढची सीट पूर्ण पुढे ओढून मागचा सपाट भाग मोजा. १.८ मीटर भरत नसेल तर तंबूचे पैसे बाजूला ठेवा.

दोघेच फिरणार, वाटा सह्याद्रीतल्या, गल्ल्या आणि बांध रोजचे: आखूड घ्या. तीन किंवा जास्त माणसं, हजार-दोन हजार किमीचे पल्ले: लांब घ्या आणि बांध दिसला की उतरून चालत बघा. जुनी गाडी घेत असाल तर लांब गाडीच्या पोटाखाली टॉर्च घेऊन झोपा. मधल्या आडव्या पट्टीला चेपा, ट्रान्सफर केसच्या कव्हरवर ओरखडे, एक्झॉस्ट पाइप चपटा झालेला दिसला तर ती गाडी वारंवार टेकलेली आहे. ट्रान्सफर केसच्या सीलमधून तेल पाझरतंय का, बोट लावून पाहा, मग भावाचं बोला.