जुनी गाडी सुरू होत नसेल तर दोष कुठे शोधावा

जुनी पेट्रोल गाडी सुरू होत नसेल, तर एखादा भाग बदलण्याआधी किल्ली फिरवल्यावर येणारा आवाज नीट ऐकावा, कारण पुढचा तपास त्यावरच अवलंबून असतो. नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन दिवे मंदावत असतील, तर आधी बॅटरी तपासावी. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि आकडा १२ च्या खाली असेल, तर ती चार्ज करावी. मात्र बॅटरी चांगली असूनही टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडायच्या टोकांवर, साचलेला पांढरट-हिरवट थर वीजप्रवाह अडवतो, आणि माझ्या मते जुन्या गाड्यांत याच गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असेल, तर साफसफाईसाठी तेच आधी काढावे व शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी शॉर्टसर्किट होत नाही.

इंजिन जोमाने फिरते पण पेटत नाही, अशा वेळी ठिणगी आणि इंधन पाहावे. ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग पेट्रोलने ओले असतील, तर कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या भागाच्या) गाडीत चोक, म्हणजे हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी खुंटी, पूर्ण आत ढकलून, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर फिरवावा. परंतु सलग १० सेकंदांहून अधिक नको, अन्यथा तो तापतो. प्लग कोरडे असल्यास फिल्टर आणि इंधन पंप तपासावेत.