घरून काम: मान आणि मीटिंग सांभाळताना

मार्च 2020च्या लॉकडाऊनमध्ये ऑफिस डायनिंग टेबलावर आलं, पाठोपाठ मानदुखीही. लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. हात सोयीचे ठेवले की मान झुकतेच. म्हणून लॅपटॉपखाली जाड पुस्तकं रचा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. कीबोर्ड-माउस वेगळे लावा. स्क्रीन हातभर लांब, कोपर काटकोनात. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट. नुसता स्टँड घेऊन त्यावरच टाइप केलंत तर खांदे भरून येतात.

वीज जाते तिथे राउटरला छोटा यूपीएस (बॅटरी बॅकअप) हवाच.

मॅनेजरांनी सगळ्यांनी एकत्र ऑनलाइन असायचे चार तास ठरवावेत, बाकीचं लिहून कळवावं. चॅटमध्ये ‘ऑनलाइन’ दाखवणाऱ्या हिरव्या ठिपक्यावर पाळत ठेवली की लोक काम सोडून तो हिरवा राहावा म्हणून माउस हलवत बसतात. तासाची मीटिंग 50 मिनिटांत आटपा. सलग मीटिंगांत पाणी प्यायलाही उठता येत नाही.