दुर्बिणीतून चंद्रावरची विवरं दिसत नाहीत? या चुका टाळा

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण लागते आणि पाच मिनिटांत तक्रार येते, “नुसता पांढरा गोळा दिसतोय!” दुर्बीण ठीक असते, तिथी चुकलेली असते. पौर्णिमेला ऊन आपल्या पाठीमागून चंद्रावर सरळ पडतं, त्यामुळे सावल्याच दिसत नाहीत. आणि सावलीशिवाय खोली कळणार कशी?

शुद्ध पंचमी ते दशमी बघा, तेही उजेड-अंधाराच्या सीमेवर. तिथे सूर्य नुकता उगवत असतो. तो ५ अंश वर असेल तर १ किमी उंच कड्याची सावली ११ किमीहून लांब पडते, आणि हवा नसल्यामुळे ती काळीकुट्ट असते. पंचमी-षष्ठीला थिओफिलस हे विवर, अष्टमी-नवमीला टायको, नवमी-दशमीला ९३ किमी रुंदीचं कोपर्निकस. ही सीमा विषुववृत्ताजवळ ताशी सुमारे १५ किमी सरकते, म्हणून एकदा जेवणाआधी बघा, एकदा नंतर. काळ्या विवराच्या मधोमध आधी शिखराचं टोक चमकतं, तळावर ऊन बऱ्याच उशिरा उतरतं. टायकोचे पांढरे पट्टे मात्र पौर्णिमेलाच बघावेत.

विवरं उलटी, टेकड्यांसारखी वाटली तर ऊन कुठल्या बाजूने येतंय ते आधी ठरवा. विवराची सूर्याकडची भिंत सावलीत असते, पलीकडची उजळते. टेकडीचं बरोबर उलट.

अंधारा भाग म्हणजे पृथ्वीची सावली नव्हे, ती फक्त ग्रहणात पडते.

चंद्रासाठी ठाण्याजवळच्या येऊरच्या अंधाऱ्या जंगलात जायची काहीच गरज नाही, घोडबंदर रोडचे दिवे त्याचं काही बिघडवत नाहीत. बिघडवते ती तापलेल्या स्लॅबची धग: प्रतिमा पाण्याखाली असल्यासारखी हलते. सूर्यास्तानंतर दीड-दोन तास थांबा, पण अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, फार रेंगाळू नका. खिडकीच्या काचेतून बघणं तर नकोच.

एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट बाहेर आणली की खाडीकडच्या दमट हवेत भिंगावर दव धरतं. त्यावर फडका मारू नका, ओरखडे पडतात. झाकण लावूनच बाहेर आणा आणि अर्धा तास तशीच ठेवा.

७० मिमी रुंद भिंगाच्या दुर्बिणीला १४० पटींच्या वर ताणू नका. ५०-६० पटींत अख्खा चंद्र नीट दिसतो. मोबाईलने फोटो काढताना नाईट मोड बंद करा, चंद्रावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजळपणा खाली ओढा.