चतुर्थी-नाताळात कोणी आजारी पडलं तर
गोव्यात चतुर्थीला, नाताळात नेहमीचे डॉक्टर गावी जातात नि क्लिनिक बंद, म्हणून आधीच विचारून ठेवा की परत कधी येणार नि तोवर कोणाकडे जायचं, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या आणून ठेवा. साधा ताप असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात फोन करून जा. पण छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, श्वास लागतोय तर घरगुती उपाय करत बसू नका हो, सरळ १०८ लावा. बांबोळीच्या जीएमसीची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, कॅज्युअल्टी रात्रंदिवस चालू असते, म्हापसा-मडगावला जिल्हा हॉस्पिटल आहेच. ३१ डिसेंबरला कळंगुट-बागाकडे प्रचंड ट्रॅफिक असतो, तेव्हा स्वतःच्या गाडीपेक्षा ॲम्ब्युलन्सच बरी. जुने रिपोर्ट नि डीडीएसएसवाय (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) कार्ड एकाच पिशवीत ठेवा.