संकष्टीची सकाळ, आईंचे पाय आणि ती पट्टी

पट्टी आधी काढून ठेवा. दर महिन्याला घरच्या घरी त्वचा कशी तपासायची ते सांगतेच आहे, पण पट्टी आत्ता, हे वाचता वाचता उठून. शाळेतली साधी प्लास्टिकची, मिलीमीटरच्या रेघा धड दिसणारी.

माझ्या सासूबाईंच्या डाव्या टाचेवरचा मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, दोन वर्षांपूर्वी काढला. आपल्याकडे तो बरेचदा तळपाय, तळहात, नखं असल्याच जागी निघतो, उन्हाशी त्याचा फारसा संबंध नसतो, तरी "आपण कुठे गोरे, आपल्याला कुठला स्किन कॅन्सर" म्हणणारे इथे इंदूरच्या राजेंद्र नगरात दर तिसऱ्या घरात भेटतात. जमैकाचा गायक बॉब मार्ले तरी कुठे गोरा होता, पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालं आणि 1981 मध्ये 36व्या वर्षी गेला. तर ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, दर महिन्याला घरीच सगळी त्वचा बघा, फोटो ठेवा. मी ठेवले. पाच महिने, नेमाने. उजव्या तळव्यावर एक तपकिरी ठिपका होता, तपासणीला त्यांनी विचारलं वाढलाय का, आणि मी ऐटीत फोन पुढे केला. पाच फोटो, पाचही वेगळ्या अंतरावरून, एकात ठिपका मोहरीएवढा, एकात तुरीच्या डाळीएवढा. यावरून काहीच कळत नाही म्हणाले. मग बायॉप्सी. साधा तीळ निघाला, गणपती पावला, पण तळव्याला टाके पडले आणि त्या वर्षी महालक्ष्म्यांना आई खुर्चीवर बसून सूचना देत होत्या आणि सोळा भाज्या मी एकटीने चिरल्या. बायॉप्सी कदाचित तरीही झाली असती. पण शेजारी पट्टी असती तर मला निदान उत्तर देता आलं असतं ना.

दिवस ठरवा. आम्ही संकष्टी ठरवलीय. फोनवर रिमाइंडर आहेच, पण तो आई सफाईने बोटाने उडवून लावतात, संकष्टी मात्र त्या जन्मात विसरणार नाहीत. माझ्या फोनवर वेगळा रिमाइंडर, आदल्या रात्रीचा, त्यात एकच शब्द: पट्टी.

अ‍ॅपबद्दल सगळे विचारतात. आठवण करणारं, शरीराचा नकाशा दाखवून कुठला तीळ कुठे ते मांडून ठेवणारं, जुना फोटो नव्याच्या शेजारी दाखवणारं अ‍ॅप असेल तर जरूर घ्या, मिशिगन विद्यापीठाने असं एक फुकट अ‍ॅप काढलं होतं. पण फोटो काढून "कॅन्सर आहे की नाही" सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका, अमेरिकेत 2015 साली असा दावा करणाऱ्या दोन अ‍ॅपवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कारवाई केली होती, आणि आताची एआयवाली मुख्यतः गोऱ्या कातडीचे फोटो बघून शिकलेली, त्यात आपला तळवा त्यांना काय कळणार. आमचे हे म्हणायचे, दर महिन्याला कशाला, आईला उगाच टेन्शन. तर स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनच्या लोकांनी मेलानोमा होऊन गेलेले 240 जण घेऊन करून बघितलंय, साधारण अर्ध्यांना टॅब्लेट दिला, तो दर महिन्याला आठवण करायचा, काही वाटलं तर फोटो थेट नर्सकडे. त्या लोकांनी तपासणी जास्त केली आणि काळजी काही वाढली नाही. हे ऐकल्यावर आमच्याकडचा विषय मिटला. टॅब्लेटपलीकडे ती नर्स बसलेली होती हे मात्र विसरू नका, आपल्याकडे ती नाही, म्हणून फोटो नुसते साठवून भागत नाही, दाखवायला लागतात.

आता अंघोळीनंतर, अंग कोरडं, तेल पावडर काही नाही. नेलपॉलिश आदल्या रात्रीच काढा, हाताचं आणि पायाचं दोन्ही, कारण नखातली काळी रेघ त्याखाली आरामात लपते. मेंदी आणि आळता तर विचारूच नका, पुतणीच्या लग्नात आईंनी हौसेने तळव्यापर्यंत मेंदी काढून घेतली आणि पुढची संकष्टी वाया, लग्नाआधीच तपासणी उरकून घ्यायला हवी होती. जोडवी. आई काढत नाहीत आणि मी आग्रहही करत नाही, पुढे सरकवून खालची जागा बघते, बोटांच्या बेचक्यांसकट.

उजेड खिडकीचा, सकाळचा, पण थेट ऊन नको. ट्यूबलाइटखाली रंग दर वेळी वेगळाच येतो. फ्लॅश बंद, ब्यूटी मोड बंद (हा काही फोनमध्ये आपोआप चालू असतो, टाच काय नितळ दिसते म्हणून मी खूश झाले होते), लेन्स पदराने का होईना पुसा. एक फोटो लांबून, म्हणजे कुठला पाय कुठली जागा ते कळेल, एक जवळून. आणि जवळच्यात पट्टी. ठिपक्याच्या अगदी शेजारी, त्याच पातळीत, ठिपका न झाकता, मिलीमीटरची बाजू ठिपक्याकडे. स्टीलची नको, चमकते आणि आकडे जातात. नाणं तर नकोच, एक रुपयाचीच किती वेगवेगळ्या आकाराची नाणी चालू आहेत, तीन महिन्यांनी कुठलं ठेवलं होतं ते आठवणार आहे का? "अंदाज येतो हो" असं म्हणणाऱ्या बाईला पाच महिन्यांचा अंदाज किती उपयोगी पडला ते वर वाचलंच. पट्टी.

6 मिलीमीटर, म्हणजे पेन्सिलच्या मागच्या रबराएवढं, त्याहून मोठं असेल तर लक्ष द्यायचं हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण लहान असूनही बदलत असेल तर तेही तितकंच महत्त्वाचं, आणि बदल कळायला काय लागतं ते आता मी परत लिहीत नाही. बरं, लिहिते. पट्टी.

जुन्या ऑपरेशनची जागा डोळ्यांपेक्षा बोटांनी बघा. व्रणाच्या कडेने गाठ, कडकपणा, नवीन रंग, मग तिथून वर पोटरी, गुडघ्याची मागची बाजू, जांघ. जांघेत गाठ लागते का ते आई स्वतः बघतात, मी बाहेर उभी राहून विचारते, त्या "काही नाही गं" म्हणतात, मी म्हणते नीट बघा, मग पाच मिनिटं शांतता. पाठ मी बघते. डोकं भांग पाडत पाडत. काखा, मान, कानामागे. झालं.

खाज, रक्त, जखम न भरणं, हे फोटोत दिसेलच असं नाही, दोन ओळी लिहून ठेवा. रक्त येत असेल तर पुढच्या संकष्टीची वाट बघू नका, फोन करा.

डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर फोटो दाबला जाऊन पट्टीचे आकडे पुसट होतात. फोटो लॉक्ड फोल्डरमध्ये. आईंची टाच एकदा फॅमिली ग्रुपवर गेली आणि ग्वाल्हेरच्या मामेसासऱ्यांनी हात जोडल्याची इमोजी टाकली, एवढं पुरे.

आणि पट्टी परत फोनच्या चार्जरच्या डब्यात, भूमितीच्या पेटीत नाही. चिरंजिवांना कितीही बजावलं तरी ती तिथेच सापडते, म्हणून परवा खजुरी बाजारातून आणखी दोन आणल्यात.