शेवटी 'काही विचारायचंय?' म्हणाले तर

मुलाखत छान होते आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' म्हटल्यावर तोंडातून पटकन निघतं, 'सुट्ट्या किती मिळतात?' केलेल्या तयारीवर पाणी!

१. आदल्या रात्री सुचतील ते सगळे प्रश्न कागदावर उतरवा.
२. ज्याचं उत्तर कंपनीच्या वेबसाइटवर आहे, ते खोडा. 'तुमची कंपनी नेमकं काय करते?' हा तर सगळ्यात आधी.
३. रजा, घरून काम, प्रमोशन कधी, हे ऑफर येईपर्यंत बाजूला ठेवा.
४. उरलेल्यांतले दोन लक्षात ठेवा. 'पहिल्या ३ महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल?' हा सहसा चालतोच.

'माझं सिलेक्शन झालं का?' असं विचारून समोरच्याला अडचणीत टाकू नका. 'पुढचं कधीपर्यंत कळेल?' एवढं पुरे.

मात्र पगाराचा विषय त्यांनीच काढला, तर संकोचू नका. आकडा सांगा.